न मोजलेले तीन दिवस

सांगूनच टाकते. मी दिवस चुकीचे मोजले. गणित कच्चं होतं म्हणून नव्हे. मॅट्रिकला मला गणितात बरे मार्क होते, आणि बोटांवर मोजायला तेवढेही लागत नाहीत. चुकलं ते मोजायला सुरुवात कुठून करायची, यात. त्या चुकीनं आता पन्नाशी ओलांडली आहे. ती धायरीला राहते, मधुमेहाची गोळी घेते आणि रोज सकाळी साडेनऊला मला फोन करून विचारते, "आई, गुडघ्यांचे व्यायाम केलेस का?"

तर झालं असं. लग्न होऊन कसब्यात आले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि स्वतःच्या मते फार हुशार. दोन वर्षांच्या आत मुलगा झाला. तो रांगायला लागला तेव्हा मला वाटू लागलं की आता थोडी सवड मिळावी, बी.ए.ची राहिलेली दोन वर्षं पुरी करावीत. त्या काळी आमच्या गल्लीत कुटुंबनियोजनाच्या एक नर्सबाई यायच्या. पांढरं पातळ, खांद्याला पिशवी, पिशवीवर लाल त्रिकोण. त्यांनी आम्हा चार-पाच जणींना शेजारणीच्या स्वयंपाकघरात दार लोटून बसवलं आणि सुरक्षित दिवस समजावून सांगितले. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचं. दहाव्या दिवसापासून अठराव्यापर्यंत नवऱ्यापासून लांब राहायचं. बाकीचे दिवस मोकळे. शेवटी त्या म्हणाल्या, "आता यानं दरवेळी साधेलच असं नाही हो, बायको तशी तारीख." हे शेवटचं वाक्य मी ऐकलं नाही. हुशार माणसं शेवटचं वाक्य ऐकत नाहीत, तोवर ती घरी पोचलेली असतात.

पहिला दिवस म्हणजे कोणता, हे विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. आमच्या घरात पाळी आली की बाई बाजूला बसायची. जिन्याजवळच्या कोपऱ्यात वेगळी घोंगडी, वेगळं ताट, वेगळा तांब्या. तीन दिवस कशाला हात लावायचा नाही, चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायचं आणि घरात यायचं. ते तीन दिवस आपण घराच्या हिशेबातच नसायचो. पोळ्या आपल्या नसत, देव आपले नसत, रडणारं पोरसुद्धा दुसऱ्याच कोणीतरी उचलायचं. मग ते दिवस तरी आपले कुठून असणार? माझ्या लेखी महिना सुरू व्हायचा तो न्हाणीघरातून, ओल्या केसांनी. म्हणून मी न्हायच्या दिवसाला पहिला दिवस धरलं आणि तिथून दहा मोजले.

तीन दिवस गळाले. पाहिजे तेव्हा मोकळी आणि नको तेव्हा कडक अशी माझी शिस्त सुरू झाली.

हे दिवस लक्षात राहावेत म्हणून स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मी पेन्सिलीनं बारीक ठिपके द्यायला लागले. नऊ दिवस, नऊ ठिपके. आमच्या ह्यांच्यासाठी वेगळी खूण ठरली होती, कारण दोन खोल्यांत सासू-सासरे, दीर आणि मूल असताना तोंडानं काही बोलायची सोय नव्हती. मोकळे दिवस असले की त्यांच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा. नसले की नाही ठेवायचा. बिचारे महिन्यातले नऊ दिवस तहानलेले झोपायचे. एकदा खरोखरच ठसका लागला तर उठून माठाकडे गेले आणि येताना माझ्याकडे असं बघितलं की जणू मी विहीरच बुजवली.

दोन-तीन महिन्यांनी सासूबाईंच्या नजरेला ते ठिपके पडले. त्यांची नजर तीक्ष्ण. तांदळातला खडा त्या चष्मा न लावता काढायच्या.

"हे काय गं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "काही नाही. माझं आपलं आहे एक."

"नऊ आहेत." त्यांनी बोट ठेवून मोजले. "देवीचं आहे का?"

आता काय सांगणार? मी मान खाली घातली. खाली घातलेल्या मानेचा अर्थ समोरचा माणूस आपल्याला हवा तो लावतो. त्यांनी लावला.

"नवस बोलली आहेस?"

"सांगायचा नसतो म्हणतात," मी पुटपुटले.

त्या दिवसापासून सासूबाईंचं माझ्याशी वागणं बदललं. सून दर महिन्याला नऊ दिवसांचं गुप्त व्रत करते, हे त्यांनी अख्ख्या आळीत अगदी गुप्तपणे सांगितलं. आळीत दिवसभर तांबटांची भांडी ठोकणं चालायचं, त्या ठोक्यांतूनही ते नीट ऐकू गेलं असावं, कारण बायका वाटेत थांबवून मला विचारायच्या, "कुठल्या देवीचं हो?"

पाचव्या महिन्यात मला दिवस गेले.

मी कपाळावर हात मारून घेतला आणि सासूबाईंनी पेढे वाटले. नवस फळला. त्या नवसात मी नेमकं काय मागितलं होतं हे कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मुलगी झाली. गोरीपान, भरपूर जावळ, आणि जन्मल्या जन्मल्या 'माझं काय ते बघा' अशा आवाजात रडणारी. आजीनं तिला मांडीवर घेतलं आणि तिच्या कानात सांगितलं, "तू देवीच्या नवसाची." पुढे ती बोलायला लागल्यावर हेच वाक्य तिनं स्वतः उचललं. मोठा भाऊ खोडी काढायला आला की कमरेवर हात ठेवून म्हणायची, "मी नवसाची आहे. तू आपला असाच झालास."

बी.ए. राहिलं ते राहिलं. त्याचं मला फार वाईट वाटायचं, नंतर कमी वाटायला लागलं, नंतर आठवायचंच बंद झालं. पण मोजणीत काय चुकलं ते मात्र मला पुढे कितीतरी वर्षं कळलं नाही. मी दोष दिनदर्शिकेला दिला.

आता आत्ताचं सांगते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझे दोन्ही गुडघे बदलले. आधी एक, मग महिन्यानं दुसरा. लेकीची नोकरी अजून चालू, मुलगा परगावी. तेव्हा लेकीची लेक, म्हणजे माझी नात, लॅपटॉप घेऊन माझ्याकडे कसब्यात राहायला आली. तिचं घर मांजरीला, उसाच्या फडांशेजारी उगवलेल्या नव्या इमारतींपैकी एकीत, चौदाव्या मजल्यावर. नवरा यवतमाळकडचा, इथे एका कंपनीत आहे. "मी घरूनच काम करते, आजी, कुठूनही करेन," ती म्हणाली. "तो शनिवार-रविवार येईल."

मुलगी गुणी. पण पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं की ही सकाळी जाग आल्यावर डोळे उघडायच्या आधी उशीखालून थर्मामीटर काढून तोंडात घालते. उठत नाही, बोलत नाही, पाणी पीत नाही. मी "काय गं, झोप लागली का?" म्हटलं की हातानं थांब म्हणते. मग थर्मामीटर वाजतं, ती बघते, फोनमध्ये काहीतरी लिहिते आणि मग म्हणते, "हं, बोल."

मी काय समजावं? पोरीला ताप येतोय आणि माझ्या गुडघ्यांपायी अंगावर काढतेय. मी स्वयंपाकाच्या बाईला सांगून गवती चहा, आलं, मिरी घालून काढा करवून घेतला आणि तीन दिवस तिच्या घशात ओतला. तिसऱ्या दिवशी तिनं पेला खाली ठेवला.

"आजी, मला हा का देतेयस?"

"ताप आहे ना तुला?"

"मला ताप नाहीये."

"मग रोज काय मोजतेस?"

तिनं लॅपटॉप मिटला. 

"आम्हाला बाळ हवंय, आजी. दोन वर्षं झाली."

मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, हल्लीची मुलं, करिअर बघत असतील. तिच्या सासूबाई यवतमाळहून फोन करून 'काही आहे का?' विचारतात आणि ती 'सगळं छान आहे' सांगते, हेही मला तेव्हाच कळलं. तिची पाळी लांबते. छत्तीस दिवस, अडतीस, एकदा बेचाळीस. तपासण्या झाल्या होत्या, तशी मोठी गडबड काही निघाली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आधी चार पाळ्या रोजची नोंद ठेव, अंगाच्या खुणा लिही. त्यानंतर मग पुढचे उपचार, इंजेक्शनं वगैरे ठरवू.

"आणि त्या नोंदीत काय दिसायला हवं?" मी विचारलं.

"अंडं सुटतंय का ते. मला वाटतं माझं सुटतच नसेल." ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, नळाला पाणी नाही असं सांगावं तशी. "माझं मशीनच बंद असेल."

गुडघ्यांच्या दुखण्यात माणूस आडवा असतो आणि आडव्या माणसाला वेळ असतो. मी म्हटलं, "मला शिकव."

"काय?"

"हेच. खुणा कशा बघायच्या ते. मी नुसती पडूनच आहे."

ती हसली, पण तिनं शिकवलं. आणि इथून पुढे जे कळत गेलं त्यानं मी, वय वर्षं शहात्तर, दोन मुलं आणि तीन नातवंडं झालेली बाई, तोंडात बोट घालून बसले.

ती म्हणाली, पाळी संपल्यावर काही दिवस कोरडे जातात. मग अंगावर ओलसर, चिकट असं काही दिसायला लागतं, साईसारखं. आणि अंडं सुटायची वेळ जवळ आली की ते बदलतं, पारदर्शक होतं, ताणलं तर लांबतं. "कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं," ती म्हणाली.

"मी उभ्या जन्मात अंडं फोडलेलं नाही."

ती अडली. मग तिनं अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना चिकटवून हळूच दूर केली. "असं. बोटांमध्ये धरलं तर तुटत नाही."

"पाक," मी म्हटलं.

"काय?"

"एकतारी पाक. लाडवांचा. असाच तर बघतात."

तिनं आपल्या बोटांकडे पाहिलं. "हो गं," ती म्हणाली. "तसंच."

आणि मग मला ते आठवलं, आणि मी एवढी हसले की टाके दुखले. अगं, हे तर मी तीस वर्षं पाहिलं होतं. दर महिन्याला, तीन-चार दिवस. आणि आम्हा बायकांत याला आजार म्हणायचे. 'अंगावरून पांढरं जातं' म्हणायचं, चेहरा ओढलेला करायचा, कंबर धरायची आणि वैद्यबुवांकडे जायचं. वैद्यबुवा मान वळवून भिंतीकडे बघत ऐकायचे आणि तांदळाचं धुवण प्यायला सांगायचे. मी इमानेइतबारे तांदूळ धुवून ते पाणी प्यायचे आणि तीन-चार दिवसांत सगळं थांबायचं. काय गुण यायचा म्हणता. मी आळीभर सांगत फिरायचे की वैद्यबुवांच्या हाताला यश आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा पांढरं, पुन्हा धुवण, पुन्हा यश.

ते आपोआपच थांबणार होतं. ते आपलं काम करून जात होतं. ज्या दिवसांची तारीख मी भिंतीवर पेन्सिलीनं शोधत होते, त्याच दिवसांची वर्दी अंग मला दर महिन्याला देत होतं, अगदी माझ्याच भाषेत, पाकाच्या तारेत. आणि मी त्यावर औषध घेत होते.

हे आठवून हसू येतं, पण त्या दुपारी हसू ओसरल्यावर मनात दुसरंच आलं. या देहाला मी आयुष्यभर काय काय म्हटलं. कटकट म्हटलं, विटाळ म्हटलं, कोपऱ्यात बसवलं. आणि तो बिचारा कोणी ऐको न ऐको, महिन्याच्या महिन्याला सांगत राहिला. मी ऐकलं नाही म्हणून रागावला नाही, की एखाद्या महिन्याला सांगायचा विसरला नाही.

नातीनं मला आलेखाचा कागद आणून दिला. फोनमधलं मला दिसत नाही. रोज सकाळी थर्मामीटर वाजलं की ती आकडा सांगायची आणि मी पेन्सिलीनं ठिपका द्यायची. पेन्सिल हातात घेतली आणि मला माझी भिंत आठवली. सत्त्याण्णव पॉइंट दोन. सत्त्याण्णव पॉइंट तीन. पुन्हा दोन. दहावा दिवस, बारावा, चौदावा.

"आता चढायला हवं ना?" चौदाव्या दिवशी मी विचारलं, कारण तिनंच सांगितलं होतं की अंडं सुटल्यावर अंगाची ऊब किंचित वाढते.

"हो. सगळे चौदावाच सांगतात. आम्ही दोन वर्षं चौदावाच धरलाय."

चढलं नाही. पंधरा, सोळा, अठरा. ठिपके आपले खालीच, मुंग्यांच्या रांगेसारखे. तिनं आकडे सांगताना माझ्याकडे बघायचं सोडलं. मी ठिपके देताना तिच्याकडे बघायचं सोडलं. एकविसाव्या दिवशी न्हाणीघरातून बाहेर आली ती दारातच थबकली आणि अंगठा नि बोट जुळवून माझ्या दिशेनं हळूच लांब केलं.

"एकतारी?" मी विचारलं.

तिनं मान हलवली.

"मग इथे काय करतेस? मांजरीला जा."

"आजी."

"ऊस बघून ये. थंडीत फार छान दिसतो म्हणे."

ती लाल झाली आणि गेली. दोन दिवसांनी परत आली. चोविसाव्या दिवशी सकाळी थर्मामीटर वाजलं, तिनं बघितलं, डोळे चोळले आणि पुन्हा बघितलं.

"किती?"

"सत्त्याण्णव पॉइंट सात."

मी ठिपका दिला. रांगेच्या वर, एकटाच. दुसऱ्या दिवशी आठ. तिसऱ्या दिवशी आठ. खालची मुंग्यांची रांग पायरी चढून वरच्या ओट्यावर आली होती आणि तिथेच चालत होती. आकडा केवढासा, हाताला कळणारही नाही, कपाळावर तळवा ठेवून सांगता येणार नाही. पण आतमध्ये कोणीतरी चूल पेटवली होती, येणाऱ्याला थंडी वाजू नये म्हणून. कोणी येईल की नाही हे ठाऊक नसताना.

"मशीन बंद आहे म्हणत होतीस," मी म्हटलं.

तिनं वर चढलेल्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "बंद नाहीये. उशिरा चालू होतं," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "आम्ही दोन वर्षं आठ-दहा दिवस आधीच स्टेशनवर जाऊन उभे राहायचो, आजी. आणि गाडी आली नाही म्हणून रडत घरी यायचो."

पण त्या खेपेला काही राहिलं नाही. वर चढल्यापासून बाराव्या-तेराव्या दिवशी ठिपका खाली आला आणि पाळी आली. त्यानंतरच्या दोन्ही खेपांना तेच. अंडं सुटत होतं, वेळ कळत होती, तरी नाही. तिसऱ्या खेपेच्या त्या सकाळी तिनं आकडा सांगितला, थर्मामीटर डबीत ठेवलं, डबी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. कामावर रजा टाकली. चहा नको म्हणाली. मी वॉकर सरकवत तिच्या पलंगापाशी गेले आणि काठावर टेकले. काय बोलणार? 'होईल गं' म्हणणाऱ्या बायका तिला पुष्कळ भेटल्या होत्या.

मग मी तिला ते सांगितलं, जे पन्नास वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. नर्सबाई, दहावा ते अठरावा, नऊ ठिपके, तांब्या, सासूबाईंचं बोट. ती आधी पाठमोरी ऐकत होती. तांब्यापाशी वळली.

"थांब," ती म्हणाली. "तू पहिला दिवस कुठला धरलास?"

"न्हायचा."

"म्हणजे चौथा."

"आमचा पहिला."

तिनं उठून बसत बोटांवर मोजलं. दहावा, अकरावा, बारावा. "आजी, तू नेमके तेच तीन दिवस मोकळे सोडलेस."

तेव्हा मला कळलं. पन्नास वर्षांनी, माझ्या नातीच्या बोटांवर. मी दिनदर्शिकेची मनातल्या मनात माफी मागितली.

"म्हणजे आई नवसाची नाहीये," नात म्हणाली.

"तुझी आई त्या तीन दिवसांची आहे. बाजूला बसलेल्या."

ती हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतलं पाणी गालांवर आलं, ते कशाचं ते मी विचारलं नाही. डोळे पुसून ती म्हणाली, "तुला एक माहितीये? मुलगी आईच्या पोटात असते ना, तेव्हाच तिची सगळी अंडी तयार झालेली असतात. जन्मभराची."

"म्हणजे?"

"म्हणजे आई तुझ्या पोटात होती, तेव्हा माझं अंडंही तिथेच होतं. आईच्या आत. तुझ्या आत."

मी वॉकरचा दांडा धरून बसले होते ती तशीच बसून राहिले. खाली गल्लीत भाजीवाला ओरडत होता, वरच्या मजल्यावर कोणाचा तरी मिक्सर चालू होता, सगळं रोजच्यासारखं होतं. आणि मी माझं ते तेव्हाचं पोट आठवत होते, ज्याच्यावर मी रागावले होते, ज्याच्यापायी पुस्तकं माळ्यावर टाकली होती. त्या पोटात ही मुलगीसुद्धा होती. मोहरीहून लहान, पण होती. माझ्या मूर्खपणाच्या आत बसून ती पन्नास वर्षांनी मला आकडे सांगायला यायची वाट बघत होती.

"चहा टाकायला सांग," मी म्हटलं. "आणि ड्रॉवरमधलं ते काढून उशीखाली ठेव."

चौथी नोंद गुढीपाडव्याच्या आधी सुरू झाली. तार दिसली, मांजरी झाली, ठिपका पायरी चढला. वर गेलेले ठिपके मी पुन्हा एकपासून मोजू लागले. बारावा वर. तेरावा वर. चौदाव्या सकाळी मी चष्मा पुसून दोनदा विचारलं. पंधरावा. सोळावा. मला माहीत होतं, यापुढे मनात म्हणायलाही भीती वाटते. म्हणून मी फक्त ठिपके देत गेले. अठराव्या दिवशी कागद संपला. उजवीकडे जागाच उरली नाही. मी दुसरा कागद डिंकानं चिकटवला आणि रांग पुढे चालू ठेवली.

त्या शनिवारी नातजावई आला. दोघं न्हाणीघराच्या दारापाशी कुजबुजत उभी होती. मग तो माझ्या खोलीत आला, खाली वाकून नमस्कार केला आणि उठेचना. शेवटी म्हणाला, "आजी, थे थर्मामीटर आता मले द्या बरं. आईले फोटो पाठवतो त्याचा."

"त्यांना काय कळणार आहे त्यातलं?"

"मले तरी कुठं कळलं होतं."

परवा मांजरीला तिचं डोहाळजेवण झालं. सातवा महिना सरत आला आहे. मी माझ्या नव्या गुडघ्यांवर चालत लिफ्टपर्यंत गेले, चौदा मजले वर गेले आणि रवा-नारळाच्या लाडवांचा पाक आमच्या दोघींखेरीज कोणाला जमत नाही म्हणून लेकीबरोबर स्वयंपाकघरात उभी राहिले. बाहेर यवतमाळच्या बायका बसल्या होत्या. लेक मध्येच हळदीकुंकवाचं बघायला बाहेर गेली आणि तिचा आवाज आत आला, "देवी कशी विसरेल हो आमच्या घराला? मी स्वतः देवीच्या नवसाची आहे." आणि लगेच नातीचा ठसका. खोकला, पाणी, पुन्हा ठसका, आणि शेवटी उघडउघड हसणं.

लेक आत आली. कढईपाशी उभी राहून तिनं झारा हातात घेतला.

"ही का हसली?"

मी पाकाकडे बघत म्हटलं, "तिला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

मग मी सांगितलं. आवाज खाली ठेवून, ठिपक्यांपासून पेढ्यांपर्यंत, काही न लपवता. ती ऐकत होती आणि हात आपलं काम करत होता. तिनं झाऱ्यावरचा पाक बोटावर घेतला, अंगठा टेकवला, हळूच वर उचलला. मधली तार उजेडात चमकली, ताणत गेली, तुटली नाही. तिच्याकडे बघायचं मला धाडस होईना. बावन्न वर्षांची बाई, केस माझ्यापेक्षा पांढरे, आणि मी तिची देवी काढून घेतली होती.

तिनं बोटं पदराला पुसली.

"गॅस बंद कर, पाक पुढे जाईल," ती म्हणाली. "आणि दादाला यातलं अक्षर सांगायचं नाही. पन्नास वर्षं त्याला ऐकवत आलेय मी, की तू आपला असाच झालास."